कोचच्या कार्डावरचं वाक्य

त्या मंगळवारी डोरिन हॅकमनने दहा वाजायच्या आत चौथ्यांदा टेबल पुसलं. टेबलावर धूळ नव्हती. असती तरी तिला दिसली नसती, कारण बाईचं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या दोन फायलींकडे. एक निळी, एक पिवळी. निळीत 'राहतोय', पिवळीत 'जातोय'. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम संपला की दर एप्रिलला या दोन फायली बाहेर निघायच्या. चांगला खेळणारा पोरगा कॉलेजची चार वर्षं पुरी करणार की मधेच सोडून बड्या लीगमध्ये नशीब काढायला जाणार, हे ठरायच्या आधीच कोचने जगाला काय सांगायचं ते दोन्ही बाजूंनी लिहून तयार. सोयरीक जमल्याचं आणि मोडल्याचं पत्र एकाच बैठकीत लिहावं, तसला प्रकार.

पण या खेपेला पिवळी फाईल रिकामी होती. डोरिन उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, बसल्यासारखं करायची नि पुन्हा उठायची. तिच्या पायाला भिंगरी लागली होती.

हॅरो क्रीकसारखी गावं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पैशाला पासरी. चहूकडे मका, अर्धा बंद पडलेला फर्निचरचा कारखाना, पाच चर्चं, आणि गावातल्या डोक्यांपेक्षा जास्त खुर्च्या असलेलं कॉलेजचं बास्केटबॉलचं जिम. बाहेरचा माणूस हसतो. हसू दे बापडा. जानेवारीत शनिवारी रात्री त्या जिममध्ये बसून बघितलं की त्याचंही हसू जातं. डोरिनचे वडील त्याच कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासायचे, आणि त्याच जिममध्ये सातव्या रांगेत चाळीस वर्षं बसले. डोरिन एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या क्रीडा कार्यालयात टायपिंग करायला लागली. आता अठ्ठावन्नाची होती. मधल्या काळात खुर्ची चारदा बदलली, बाई तीच.

तिच्याकडे हे लिहायचं काम आलं ते कोच वेंडेल स्ट्रॉड यांच्यामुळे. हा माणूस जिमच्या आत ओरडला तर छपराचे पत्रे हलतील. पण समोर माईक धरा, की जीभ टाळ्याला चिकटलीच. पहिल्या वर्षी पहिला सामना हरल्यावर बातमीदारांनी विचारलं, "काय झालं, कोच?" कोच म्हणाले, "हरलो." मग जरा विचार केला आणि म्हणाले, "घरी जातो." आणि खरोखर गेले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या अध्यक्षांनी डोरिनला बोलावलं नि म्हणाले, "बाई, या माणसाला काहीतरी लिहून देत जा."

तेव्हापासून बावीस वर्षं कोच जे काही चारचौघांत बोलले, ते डोरिनच्या कार्डांवरचं. कार्डं पोस्टकार्डाएवढी, अक्षर बोराएवढं. कारण कोच लोकांत चष्मा लावत नसत. "चष्मा लावला तर पंच म्हणतील, म्हाताऱ्यालाच दिसत नाही. मग मी त्यांच्यावर ओरडू कुठल्या तोंडानं?" आणि कार्ड ते आधी वाचतही नसत. आधी वाचलं तर घाम फुटतो म्हणे. थेट माईकसमोर उचलायचं आणि वाचायचं. लोक म्हणायचे, वेंडेल थोडं बोलतो पण काय बोलतो! बोलणाऱ्याची बोरं विकली जात होती, पण बोरं होती डोरिनच्या झाडाची. अध्यक्ष सोडले तर नवरा मर्ल तेवढा जाणून होता. तो कानानं अधू, त्यामुळे गुपित त्याच्यापाशी सुरक्षित होतं.

आता सोडून जाणाऱ्या पोरांबद्दल कोच लोक जे बोलतात, त्याची एक वेगळीच भाषा आहे. सगळ्या कोचांची एकच. 'त्याच्या निर्णयाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे' म्हणजे कोच तीन रात्री झोपलेले नाहीत. 'त्याला शुभेच्छा' म्हणजे तोंड दाखवू नकोस. 'तो कायम आमच्या घरचाच राहील' म्हणजे दार लावून रडले. हे सगळं डोरिनला तोंडपाठ. पण त्यात एक शब्द असा, की तो सोन्याच्या तराजूत तोलायचा. तो शब्द म्हणजे 'तयार'. कोच म्हणाला, पोरगा तयार आहे, की लीगवाले मान डोलावतात. म्हणालाच नाही, तर ते आपसांत कुजबुजतात. आणि कोच उघड म्हणाला की तयार नाही, तर मग पोराचं झालंच कल्याण. रोज त्याला उठता-बसता बघणारा माणूसच तसं म्हणतोय, मग आपण कशाला जोखीम घ्यायची?

डोरिनने ते एकदा लिहिलं होतं. चौदा वर्षांपूर्वी.

ऑटिस प्रूइट गावचाच पोरगा, कारखान्यामागच्या गल्लीतला. दोन वर्षांत त्यानं संघ असा वर नेला की गावातली म्हातारी माणसं सामन्याच्या दिवशी दाढी करायला लागली. त्या हिवाळ्यात डोरिनचे वडील इस्पितळात पडून होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, वडिलांनी नव्हती. रेडिओ उशाशी धरून म्हणायचे, "पुढच्या वर्षी ऑटिस असला की आपण देशातल्या शेवटच्या चार संघांत. ते बघून मग जातो." आणि एप्रिलात ऑटिसनं सांगितलं की तो चालला. वडिलांनी रेडिओ बंद केला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "संपलं." डोरिन तिथून थेट कार्यालयात आली आणि कोट न काढता टाईप केलं: 'ऑटिसला शुभेच्छा. तो तयार व्हायला अजून एक वर्ष हवं होतं, असं आम्हाला मनापासून वाटतं.'

कोचनी संध्याकाळी रेडिओवर कार्ड उचललं आणि वाचलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी ते वाक्य देशभरच्या वर्तमानपत्रांत होतं. जूनमध्ये लीगच्या निवडीच्या रात्री अख्खं गाव जिममध्ये जमलं, भिंतीवर पांढरा पडदा, पहिल्या खुर्चीवर नव्या सुटातला ऑटिस, शेजारी त्याची आई. लीगमध्ये घेतलेल्या साठ पोरांची नावं वाचतात. डोरिन कागदी बशा हातात धरून उभी होती. साठावं नाव झालं आणि ऑटिसच्या आईनं त्याच्या कॉलरवरची नसलेली धूळ झटकली. ते डोरिनला अजून दिसतं. वडील तोवर गेले होते, त्यामुळे हे वाटून घ्यायला तेही नव्हते.

ऑटिस दोन हिवाळे परदेशात कुठे बर्फात खेळला, गुडघा गेला, परत आला. आता मोठ्या रस्त्याला त्याचं टायरचं दुकान आहे. कोचच्या गाडीला तो हात लावत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. कोच चाकं बदलायला वीस मैलांवर जातात. जिममध्ये ऑटिस पुन्हा पाय ठेवायला गेला नाही. डोरिनशी मात्र अदबीनं वागतो, "मिस डोरिन, कॉफी घ्या," म्हणतो. ते वाक्य कुणाचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि डोरिन दर महिन्याला काही ना काही निमित्त काढून तिथे जायची, सांगायचं म्हणून, आणि हवा भरून परत यायची. खाई त्याला खवखवे. मर्ल म्हणायचा, "अगं, तू गाडी चालवतेस का चाकं पाळतेस?"

तर त्या मंगळवारी दहा वाजता दारात वाकून जरेल टॉलिव्हर आत आला. एकोणीस वर्षांचा, गॅरी शहराकडचा, एवढा उंच की प्रत्येक चौकटीला नमस्कार करत फिरायचा. टेबलावरच्या बशीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या उचलल्या, तीन.

"मिस डोरिन, मी काल कोचना सांगितलं. जातोय म्हणून."

"कळलं मला. नाश्ता केलास का?"

"आज रेडिओवर कोच माझ्याबद्दल बोलणार ना?" त्यानं गोळीचा कागद उलगडला आणि गोळी तोंडात न टाकता कागदच घड्या घालत बसला. "आई कामावरून लवकर येणार आहे ऐकायला. लीगचे लोकपण ऐकतात म्हणे. कोच काय म्हणतील हो?"

"मला काय माहीत, बाळा."

"तुम्हाला सगळं माहीत असतं." तो हसला, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मला ते काहीच बोलले नाहीत. शिव्या तरी द्यायच्या."

तो गेल्यावर डोरिनने पाचव्यांदा टेबल पुसलं.

अकराला कोच आले. तोंड लालबुंद. बोलायला तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच वादळाचा इशारा देणारा भोंगा सुरू झाला. आमच्याकडे दर मंगळवारी अकराला तो वाजवून बघतात. कोच तोंड उघडं ठेवून उभे, भोंगा काही थांबेना. तीन मिनिटं माणूस राग धरून उभा राहिला. दुसऱ्या कुणाचा तेवढ्यात निवला असता.

"दोन वर्षं!" भोंगा थांबल्याबरोबर ते ओरडले. "दोन वर्षं त्या पोराला डाव्या हातानं चेंडू मारायला शिकवतोय. अजून येत नाही. आणि हा चालला! तिथे त्याला खातील, कच्चा!"

"मग तसं त्याला म्हणालात का?"

"काय म्हणू? दार उघडून आला, जातो म्हणाला. मी म्हटलं, दार लाव."

"बस? एवढंच?"

"लावलं त्यानं." कोचनी टोपी काढली, परत घातली. "डोरिन, त्या ऑटिसच्या वेळी मी बोललो होतो ना, तसंच लिही. खरं काय ते. लोकांना कळू दे मी आंधळा नाही."

डोरिन म्हणाली, "ते बरं नव्हतं झालं, कोच."

"खोटं होतं का?"

"नाही, पण..."

"मग लिही." आणि जाता जाता ते दारात थबकले. "दार लावू?" असं उगाचच विचारलं, आणि न लावताच गेले.

डोरिनने टाईप करायला घेतलं. आधी अगदी उलटं लिहिलं: 'जरेल तयार आहे. आम्हाला शंका नाही.' वाचलं, आणि तिला स्वतःचीच चीड आली. एका पोराचं आयुष्य खऱ्यानं बुडवलं, आता दुसऱ्याचं खोट्यानं तारायला निघालीस होय गं? कार्ड फाडलं. मग कोचनी सांगितलं तसं लिहायला बसली. 'तयार' या शब्दापाशी बोटं थांबली ती थांबलीच. तेही फाडलं. घड्याळात साडेबारा. सहाला रेडिओचा कार्यक्रम. तिने किल्ल्या उचलल्या.

ऑटिसच्या दुकानात एक ट्रक जॅकवर चढवलेला होता आणि ऑटिस त्याखाली. तिची पावलं ऐकून बाहेर आला, फडक्याला हात पुसत.

"मिस डोरिन! गेल्याच आठवड्यात हवा भरली की तुमची. चाकं खाता का काय?"

"ऑटिस, मला तुला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस, नाहीतर मी परत हवा भरून निघून जाईन."

डोरिनने सांगितलं. वडील, इस्पितळ, रेडिओ, कोट न काढता केलेलं टाईप. कोचनी ते आधी वाचलंसुद्धा नव्हतं, हेही. सांगताना ती उंबऱ्यापासून बाकापर्यंत आणि बाकापासून उंबऱ्यापर्यंत फेऱ्या मारत होती, आणि शेवटी थांबली तेव्हा तिला दिसलं की ऑटिस फडक्यानं एकच बोट पुसत राहिलाय.

"चौदा वर्षं," तो म्हणाला. "चौदा वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या. त्याच्या बायकोचं निधन झालं तेव्हा फूलसुद्धा नाही पाठवलं मी."

"माझी चूक झाली रे."

"वाक्य खरं होतं, मिस डोरिन." त्याचा आवाज चढला नाही, त्यानेच तिला जास्त भीती वाटली. "मी तयार नव्हतोच. परदेशात पहिल्याच महिन्यात कळलं मला. पण इथे मला ते कुणी सांगितलं नाही. या गावात सगळ्यांना माझ्याबद्दल कळलं आणि सगळ्यात शेवटी मला. आईच्या स्वयंपाकघरात, रेडिओवरून. कुणी समोर बसवून म्हणालं असतं, 'अरे गाढवा, थांब एक वर्ष', तर थांबलो असतो कदाचित. नसतोही थांबलो. पण भांडलो तरी असतो! रेडिओशी काय भांडणार माणूस?"

"आज जरेलबद्दल लिहायचंय," ती म्हणाली. "काय लिहू, ऑटिस?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "ते तुम्ही मला विचारता?"

खरंच की. कुणाला काय विचारतोय याचं भान तरी! ती म्हणाली, "चाकं तेवढी बघतोस का?" तोंडातून सवयीनं निघून गेलं.

ऑटिसनं बाहेर उभ्या गाडीकडे नजर टाकली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि परत येऊन ट्रकखाली सरकायला लागला. "ठीक आहेत तुमची चाकं," तो खालून म्हणाला. "जा आता."

रेडिओचा कार्यक्रम लोइसच्या हॉटेलात होतो, हंगामभर दर मंगळवारी, आणि हा शेवटचा. कोपऱ्यात टेबल, त्यावर दोन माईक, मागे कॉलेजचा झेंडा. समोर अर्धं गाव, प्रत्येकाच्या बशीत पावाबाहेर चारी बाजूंनी लोंबणारा डुकराचा तळलेला तुकडा. निवेदक हार्लन पीक, ज्याचा आवाज लोण्यासारखा आणि डोकं त्याहून मऊ. डोरिनची जागा भिंतीपाशी, फोनजवळ. कोणी फोन केला की ती विचारायची, "नाव आणि गाव सांगा. काय विचारायचंय कोचना?" चिठ्ठीवर लिहून हार्लनकडे द्यायची. बावीस वर्षांत तिचा आवाज रेडिओवर कधी गेला नव्हता.

तिने कोचसमोर चार कार्डं पालथी ठेवली. खुर्ची होती, पण ती बसली नाही.

पहिल्या कार्डावर प्रेक्षकांचे आभार. कोचनी वाचलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्यावर शेवटच्या वर्षाच्या पोरांची नावं. तिसऱ्यावर झेंडा शिवून देणाऱ्या बायकांचे आभार, बायका लाजल्या. मग हार्लन गळा साफ करून म्हणाला, "आणि आता कोच, सगळा इंडियाना ज्याची वाट बघतोय! जरेल टॉलिव्हर. काय सांगाल?"

काट्या-चमच्यांचे आवाज थांबले. कोचनी चौथं कार्ड उचललं, हात लांब करून धरलं. पांढरं. उलटं केलं. तिकडूनही पांढरं.

रेडिओवर चार सेकंद शांतता म्हणजे काय, ते हार्लनचं तोंड बघून कळत होतं. कोचनी भिंतीकडे पाहिलं. डोरिनने त्यांच्या डोळ्याला डोळा दिला आणि मान हलवली. नाही. आज मिळणार नाही. नोकरी गेली असं तिनं मनात म्हणूनसुद्धा टाकलं, पण मान मात्र तिनं हलवली.

"जरेल..." कोच म्हणाले. खाकरले. "जातोय." घामाचा एक थेंब कपाळावरून नाकावर आला. "मला... राग आलाय. हो. आलाय. दोन वर्षं शिकवलं." मधे पुन्हा थांबले. लोक एकमेकांकडे बघायला लागले, हा कुठला वेंडेल म्हणून. "तो तयार आहे का, हे तुम्ही विचारणार. ते मी... ते तुम्हाला कशाला सांगू? त्यालाच नाही सांगितलं अजून. जरेल, ऐकतोयस ना? उद्या सकाळी सातला जिममध्ये ये. चार शब्द बोलायचेत. भांडायचं तर भांड. मग जायचं तर जा. दार... दार मी उघडं ठेवतो."

कुणीतरी टाळी वाजवायला गेलं, आणि थांबलं, कारण कोचचं संपलं नव्हतं. ते पांढऱ्या कार्डाकडेच बघत बोलत होते.

"एकदा असाच एक पोरगा होता. आपल्याच गावचा. त्याला सांगायचं ते मी इथे बसून तुम्हाला सांगितलं. त्याच्याकडे जायला हवं होतं मी. त्यानं दुकान काढल्यापासून चाकं बदलायला वीस मैल जातोय मी. लोकांना वाटतं, तो काम करत नाही म्हणून. नाही. मला लाज वाटते म्हणून."

डोरिनला ते ऐकवेना. अरे, दुसऱ्याचा धोंडा हा माणूस स्वतःच्या गळ्यात अडकवून चौदा वर्षं हिंडतोय आणि आपण चिठ्ठ्या लिहितोय! ती भिंतीपासून निघाली ती सरळ टेबलाशी आली आणि हार्लनच्या हातातला माईक तिनं काढूनच घेतला.

"मी डोरिन हॅकमन. ऑफिसातली," ती म्हणाली, आणि माईकमधून आलेला आपलाच आवाज ऐकून दचकली. "ते वाक्य कोचचं नव्हतं. मी लिहिलं होतं. कोचनी नुसतं वाचलं. ऑटिसला मी आज सांगितलंय. तुम्हालाही कळू दे."

माईक परत हार्लनच्या हातात गेला तेव्हा त्याला काहीच सुचेना, म्हणून त्यानं गाद्यांच्या दुकानाची जाहिरात लावली. लोइस कॉफीचं भांडं घेऊन होती तिथेच उभी राहिली.

"माझं नव्हतं?" कोचनी हळू विचारलं.

"नाही, कोच."

"मला तर पाठ आहे ते. माझंच वाटायला लागलं होतं. रोज झोपताना आठवतं."

"मलापण."

कोचनी खिशातून चष्मा काढला, सगळ्यांदेखत नाकावर चढवला आणि पांढरं कार्ड पुन्हा एकदा दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. "वाचलं मी होतं ना?" ते म्हणाले. "मग अर्धं माझं."

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. जाहिरातीतल्या गाद्या अजून संपल्या नव्हत्या. डोरिनने सवयीनं उचलला, सवयीनं पेन्सिल घेतली. "नाव आणि गाव सांगा. काय विचारायचंय कोचना?"

"ऑटिस प्रूइट. हॅरो क्रीक."

पेन्सिल हातातच राहिली.

"कोचना काही विचारायचं नाही. त्यांना सांगा, सकाळी त्या पोराशी बोलून झालं की त्याला दुकानावर पाठवा. गाव सोडून खेळायला गेल्यावर काय होतं ते कोचना काय ठाऊक? ते मी सांगतो त्याला."

"सांगते."

"आणि मिस डोरिन." मागे त्याच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता, तीच गाद्यांची जाहिरात. "दुपारी मी म्हणालो ना, चाकं ठीक आहेत म्हणून. नाहीयेत. मागच्या डाव्या चाकात खिळा गेलाय, चांगला बोटभर. बघितला होता मी. मुद्दाम नाही सांगितला."

डोरिनने पेन्सिल खाली ठेवली.

"राग आला होता," ऑटिस म्हणाला. "अजून आहे. पण तशा गाडीनं घरी जाऊ नका. तिथेच बसा, मी जॅक घेऊन येतो."

"इथे कोच आहेत, ऑटिस."

"ऐकलं की मी. रेडिओ चालूच आहे." जॅक ओढल्याचा आवाज आला. "असू देत. येतो."

फोन ठेवून डोरिनने भिंतीलगतची खुर्ची ओढली, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती नीट टेकून बसली.